कॉम्प्युटरसमोर पहिल्यांदा बसताना: स्क्रीनपासून टायपिंगपर्यंत

नव्याने कॉम्प्युटर शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट कुठली, तर आपण दाबलेली कळ नेमकी कुठे लागू पडणार हे न कळणं. नाव टाइप करायला जावं आणि काहीच उमटू नये. एक फाईल बंद करायला जावं आणि भलतीच बंद व्हावी. अशा वेळी मशीन बिघडलेलं नसतं, त्याचं लक्ष दुसरीकडे असतं एवढंच. स्क्रीनवर कितीही गोष्टी उघड्या असल्या तरी की-बोर्डवरून येणारं अक्षर त्यांतल्या एकाच जागी जातं. ती जागा कोणती, हे स्क्रीनवर दर वेळी दिसत असतं. ते बघायची सवय लागली की निम्मी भीती तिथेच जाते. म्हणून खालच्या पायऱ्या करताना हात सावकाश चालवा आणि डोळे जास्त वापरा.

इथलं वर्णन विंडोज १० आणि ११ चं आहे. मॅक असेल तर कल्पना बहुतेक त्याच; फक्त जिथे कंट्रोल म्हटलं आहे तिथे कमांड ही कळ समजा. बाकी काही गोष्टींच्या जागा वेगळ्या असतात, त्या सापडतील.

चालू करा आणि आधी नुसतं बघा

पॉवरचं बटण एकदा दाबून सोडा, दाबून धरू नका. टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये मॉनिटरला वेगळं बटण असतं. डब्यातला पंखा फिरल्याचा आवाज येतोय आणि स्क्रीन काळीच आहे, असं झालं तर आधी मॉनिटर चालू आहे का ते बघा.

मग पासवर्ड किंवा पिन मागितला जाईल. टाइप करताना अक्षरांऐवजी ठिपके दिसतात. पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा म्हणत असेल तर चौकटीच्या कडेला असलेलं डोळ्याचं चिन्ह दाबून धरा, टाइप केलेली अक्षरं दिसतील. बऱ्याचदा कॅप्स लॉक चालू राहिलेला असतो.

आत गेल्यावर जी मोकळी स्क्रीन दिसते ती डेस्कटॉप. तिच्यावर लहान चित्रं असतात, ती आयकॉन. तळाशी आडवी पट्टी आहे ती टास्कबार, आणि नवशिक्याने सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते या पट्टीकडे. चार चौकोनांचं चिन्ह म्हणजे स्टार्ट बटण: विंडोज १० मध्ये ते अगदी डावीकडे असतं, ११ मध्ये मधल्या चिन्हांच्या ओळीत पहिलं. उजव्या टोकाला घड्याळ, आवाज, इंटरनेट आणि लॅपटॉप असेल तर बॅटरी. जो प्रोग्राम चालू आहे त्याच्या चिन्हाखाली बारीक रेघ येते आणि सध्या समोर असलेल्याचं चिन्ह उठून दिसतं. एखादी गोष्ट "गायब" झाली असं वाटलं की आधी इथे बघायचं. ती बहुधा चालूच असते, दुसऱ्या कशाच्या तरी मागे गेलेली असते.

आणखी एक गोष्ट, जी कुणी आधी सांगत नाही: प्रोग्राम शोधायला मेनूमध्ये भटकायची गरज नसते. स्टार्ट दाबा आणि कुठेही क्लिक न करता हव्या त्या प्रोग्रामचं नाव इंग्रजीत टाइप करायला लागा. दोन-तीन अक्षरांतच नाव वर येतं. एंटर दाबलं की उघडतं.

माऊस: हाताआधी डोळा

माऊसचे जनक डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये माऊस जाहीरपणे चालवून दाखवला, तेव्हा तो तीन बटणांचा ठोकळा होता. आज डावं बटण, उजवं बटण आणि मध्ये चाक एवढं पुरतं. तर्जनी डाव्या बटणावर, मधलं बोट उजव्यावर. मनगट टेबलावर टेकवून माऊस हलका हलवा, स्क्रीनवरचा बाण त्याच्याबरोबर सरकेल. टेबलाची कड आली आणि बाण अजून पोचला नाही, तर माऊस उचलून मध्ये ठेवा आणि परत सरकवा. उचललेला असताना बाण हलत नाही. पहिल्याच दिवशी हे दाखवायचं राहून जातं आणि माणूस हात ताणत बसतो.

डावं बटण एकदा दाबणं म्हणजे क्लिक: "हे निवडलं" किंवा "हे कर". लागोपाठ दोनदा म्हणजे डबल क्लिक: "हे उघड". उजवं बटण म्हणजे "याचं काय काय करता येईल ते दाखव", आणि एक छोटी यादी समोर येते. यादी नको असेल तर एस्केप दाबा. चाक फिरवलं की पान वरखाली होतं.

एकदा कुठे आणि दोनदा कुठे, यात सुरुवातीला गोंधळ होतोच. डेस्कटॉपवरचे आयकॉन आणि फोल्डरमधल्या फाईली दोनदा. बाकी जवळपास सगळं एकदा: टास्कबार, स्टार्ट मेनू, बटणं, वेबसाइटवरच्या लिंक. डबल क्लिक जमत नसेल तर दोन दाबांच्या मध्ये माऊस हलत असतो. तरीही जमेना, तर एकदा क्लिक करून एंटर दाबा. काम तेच होतं, त्यात कमीपणा नाही.

बटण दाबून धरून एखादी वस्तू सरकवणं म्हणजे ओढणं. हे हाताला बसवायला पत्त्यांचा सॉलिटेअर खेळण्यासारखा सोपा सराव नाही. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये तो खेळ आला, त्यामागे लोकांना माऊसने ओढायची सवय लागावी हाही हेतू होता असं सांगतात.

आता खरी महत्त्वाची गोष्ट: पॉइंटरचा, म्हणजे त्या बाणाचा, आकार. तो सारखा बदलत असतो आणि दर बदलातून काहीतरी सांगत असतो. साधा बाण असेल तर निवडता येतं. बोट दाखवणारा हात आला की तिथे क्लिक केल्यावर काहीतरी उघडेल. वरखाली टोपी असलेली उभी बारीक दांडी दिसली की तिथे मजकूर लिहिता येतो. दोन टोकांचा बाण आला की ती कड ओढून लहानमोठी करता येईल. गोल फिरणारं वर्तुळ म्हणजे थांबा, काम चालू आहे. या वर्तुळाच्या वेळी अधीर होऊन क्लिक करत सुटणं ही सगळ्यांची खोड. ते सगळे क्लिक रांगेत साठतात आणि मग एकदम चार विंडो उघडतात.

लॅपटॉपवर माऊस नसेल तर टचपॅडवर, म्हणजे की-बोर्डखालच्या सपाट चौकोनावर, एका बोटाने टिचकी म्हणजे क्लिक, दोन बोटांनी टिचकी म्हणजे उजवं बटण, आणि दोन बोटं एकत्र वरखाली सरकवली की पान सरकतं. शिकताना मात्र शक्य असेल तर साधा माऊस जोडून घ्यावा. टचपॅडला सूक्ष्म हालचाल लागते आणि नवशिक्याचा निम्मा वेळ त्यातच जातो.

बाण दिसतच नाही किंवा अक्षरं बारीक वाटतात, अशी तक्रार असेल तर ताण घेऊन वाचू नका. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी या विभागात (विंडोज १० मध्ये त्याचं नाव ईझ ऑफ ॲक्सेस) पॉइंटरचा आणि अक्षरांचा आकार वाढवता येतो. फक्त वेबपान मोठं करायचं असेल तर कंट्रोल दाबून धरून चाक पुढे फिरवा. कंट्रोल आणि शून्य दाबलं की मूळ आकार परत.

विंडो: कोण ऐकतंय?

प्रत्येक प्रोग्राम स्वतःच्या चौकटीत उघडतो, ती विंडो. वरच्या पट्टीच्या उजव्या कोपऱ्यात तीन चिन्हं असतात. आडवी रेघ विंडोला खाली टास्कबारवर पाठवते, प्रोग्राम चालूच राहतो. चौकोन तिला पूर्ण स्क्रीनभर करतो, परत दाबला की पूर्ववत. फुली बंद करते. रेघ आणि फुली यांतला फरक एकदा मुद्दाम करून बघा: रेघ दाबा, टास्कबारवरच्या चिन्हावर क्लिक करून परत आणा.

दोन विंडो शेजारी शेजारी ठेवा. एकीवर क्लिक करा, मग दुसरीवर. जी सक्रिय आहे तिच्या वरच्या पट्टीतली अक्षरं ठळक असतात, दुसरीची फिकट होतात. फरक बारीक आहे, पण टाइप केलेलं कुठे जाणार हे तोच सांगतो. शिकवताना हमखास दिसणारा प्रसंग असा: माणूस समोरच्या कागदावरून वाचत, मान खाली घालून एक अख्खं वाक्य टाइप करतो. वर बघतो तर पान कोरं. मध्येच एखादी सूचना वर आलेली असते आणि सगळी अक्षरं तिच्यापाशी जाऊन वाया गेलेली असतात. उपाय साधा आहे: टाइप करण्याआधी हव्या त्या जागी एकदा क्लिक करायचं आणि पहिलं अक्षर उमटलं का ते बघायचं.

एका विंडोतून दुसरीत जायला आल्ट दाबून धरून टॅब दाबत राहा, हवी ती आली की सोडा. सगळा पसारा बाजूला सारून डेस्कटॉप बघायचा असेल तर विंडोजची कळ आणि डी; तेच परत दाबलं की पसारा जागेवर.

टायपिंग

स्टार्ट दाबून नोटपॅड टाइप करा आणि उघडा. सरावाला वर्डपेक्षा हे बरं, कारण वर बटणांची गर्दी नसते. कोऱ्या पानावर एक उभी रेघ लुकलुकताना दिसेल. हा कर्सर. पुढचं अक्षर इथेच उमटणार. माऊसचा पॉइंटर वेगळा आणि हा वेगळा. पॉइंटर पानभर कुठेही फिरवला तरी कर्सर जागचा हलत नाही. क्लिक केलं तरच तो तिथे जातो. लुकलुकणारी रेघ दिसत नसेल तर टाइप करू नका, आधी ती शोधा.

आता आपलं नाव इंग्रजी अक्षरांत लिहा. पहिलं अक्षर मोठं हवं म्हणून शिफ्ट दाबून धरा, अक्षर दाबा, दोन्ही सोडा. दोन शब्दांमध्ये स्पेस, म्हणजे तळाची लांब कळ. पुढच्या ओळीसाठी एंटर. पण ओळ कडेला पोचली म्हणून एंटर मारायचं नसतं. मजकूर आपोआप खाली वळतो. वळत नसेल तर नोटपॅडच्या व्ह्यू मेनूमध्ये, जुन्या नोटपॅडच्या फॉरमॅट मेनूमध्ये, वर्ड रॅप चालू करा. एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर. टाइपरायटरवर काम केलेल्यांना ही सवय मोडायला वेळ लागतो.

चुकीचं अक्षर आलं? बॅकस्पेस कर्सरच्या डावीकडचं खोडते, डिलीट उजवीकडचं. दोन्ही दाबून बघा, वाचून लक्षात राहत नाही. चूक ओळीच्या मध्ये असेल तर शेवटापासून सगळं खोडत यायची गरज नाही. चुकलेल्या अक्षराच्या लगेच पुढे क्लिक करा, बॅकस्पेस एकदा, बरोबर अक्षर, आणि एंड ही कळ दाबून ओळीच्या शेवटी परत.

शिकवणारे बहुतेक वेळा शॉर्टकटची, म्हणजे एकत्र दाबायच्या कळांच्या जोड्यांची, लांबलचक यादी हातात देतात. ती भिंतीवर चिकटवली जाते आणि तिथेच राहते. माझ्या मते पहिल्या दिवशी एकच शिकावा: कंट्रोल आणि झेड. हा शेवटची कृती मागे घेतो. सगळा मजकूर उडाला, भलतंच काही चिकटलं, नुकतंच काय झालं ते कळलंच नाही, अशा कुठल्याही वेळी आधी हात थांबवा आणि कंट्रोल-झेड दाबा. विंडोज १० च्या नोटपॅडमध्ये एकच पाऊल मागे जाता येतं, नव्या नोटपॅडमध्ये आणि वर्डमध्ये बरीच. हे हातात असलं की माणूस बिनधास्त प्रयोग करतो, आणि प्रयोग केल्याशिवाय हे येत नाही.

दुसऱ्या दिवशी कॉपी-पेस्ट. शब्दाच्या सुरुवातीला माऊस दाबून शेवटापर्यंत ओढा, शब्दामागे रंग येईल. कंट्रोल-सी दाबा. दिसायला काहीच होत नाही, आणि इथेच लोक तीन-चार वेळा दाबतात. एकदा पुरे. आता दुसरीकडे क्लिक करा, कंट्रोल-व्ही दाबा, शब्द तिथे येईल. कंट्रोल-एक्स मूळ जागेवरून उचलतो. सावध राहायचं ते एवढ्यासाठीच की मजकूर रंगलेला असताना कुठलंही अक्षर दाबलं तर सगळा रंगलेला भाग जाऊन ते एक अक्षर उरतं. असं झालं तर काय करायचं, ते माहीत आहेच.

बोटं कुठे ठेवायची

की-बोर्डवरची अक्षरं ए, बी, सी अशा क्रमाने नसतात. ही मांडणी क्रिस्टोफर शोल्स यांच्या टाइपरायटरपासून आली. रेमिंग्टन कंपनीने तो १८७४ मध्ये बाजारात आणला, आणि कॉम्प्युटर आला तरी मांडणी तीच राहिली. क्रम पाठ करत बसू नका. एफ आणि जे या कळांवर बोट फिरवून बघा, छोटी उंचवट्याची रेघ लागेल. डावी तर्जनी एफवर, उजवी जेवर, बाकीची बोटं त्याच ओळीत शेजारी, दोन्ही अंगठे स्पेसवर. प्रत्येक अक्षरानंतर बोट या ओळीवर परत आलं पाहिजे. त्या रेघांमुळे खाली न बघता जागा सापडते.

सुरुवातीला दोन बोटांनी टाइप करणं यापेक्षा वेगवान वाटेल, आणि असतंही. तरीही रोज थोडा वेळ, वेगाची पर्वा न करता, याच पद्धतीने करा. वेग मोजणारे खेळ नंतर. चुकत वेगात टाइप करणाऱ्याचा वेळ बॅकस्पेसवर जातो.

काही कळा चुकून दाबल्या जातात आणि घाबरवतात. सगळी अक्षरं मोठी येऊ लागली तर कॅप्स लॉक. उजवीकडच्या आकड्यांतून आकडे उमटेनात तर नम लॉक. काही प्रोग्राममध्ये नवं अक्षर पुढचं खाऊ लागलं तर इन्सर्ट. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली गेली की स्टिकी कीज नावाची चौकट विचारणा करते, तिथे "नो" म्हणा. या सगळ्या त्याच कळेने किंवा एका क्लिकने पूर्ववत होतात.

मराठीत लिहायचं तर

सेटिंग्ज उघडा, टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज, आणि तिथे ॲड अ लँग्वेज करून मराठी निवडा. भाषा आल्यावर तिच्या ऑप्शन्समध्ये की-बोर्ड जोडायची सोय असते. यापुढे विंडोजची कळ आणि स्पेस दाबली की इंग्रजी-मराठी अदलाबदल. सध्या कोणती भाषा चालू आहे ते घड्याळाजवळ दिसतं. पासवर्ड टाकताना तिकडे जरूर नजर टाका.

की-बोर्ड दोन प्रकारचे मिळतात. फोनेटिकमध्ये इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहिला की मराठी शब्द सुचवले जातात. विंडोजमध्ये ही सोय २०१९ पासून आहे. ज्यांना इंग्रजी की-बोर्ड आधीच येतो आणि महिन्यातून एखादं पत्र लिहायचं आहे, त्यांना हे पुरतं. रोज मराठी लिहायचं असेल तर इनस्क्रिप्ट शिका. भारतीय लिप्यांसाठीचा हा की-बोर्ड १९९१ च्या भारतीय मानकात आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क ज्या कळेवर, शिफ्टसह त्याच कळेवर ख. ग वर घ, त वर थ, द वर ध, प वर फ. आपल्याला बाराखडी येतच असते, त्यामुळे मांडणी लवकर बसते.

"नमस्कार" करून बघा: व्ही न, सी म, एम स, डी हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण), के क, ई काना, जे र. इंग्रजी अक्षराचा आणि मराठी अक्षराचा संबंध शोधू नका, जागा लक्षात ठेवा. स आणि क यांच्यामध्ये हलन्त दिला की जोडाक्षर आपोआप होतं. सगळी जोडाक्षरं अशीच: क, हलन्त, ष म्हणजे क्ष. रफारासाठी र आधी, म्हणजे "सूर्य" मध्ये र, हलन्त, य. "प्रकाश" मध्ये र नंतर: प, हलन्त, र.

दोन ठिकाणी सगळे अडखळतात. पहिली वेलांटी हाताने लिहिताना अक्षराआधी काढतो, पण इथे ती नंतर दाबायची. "कि" साठी आधी के, मग एफ. रेमिंग्टन पद्धतीच्या टाइपरायटरवर वेलांटी आधी दाबत, त्यामुळे जुन्या टंकलेखकांना हे उलटं वाटतं. दुसरं म्हणजे "दुसऱ्या", "वाऱ्या" यांतला र. तो साध्या र ने केला तर "दुसर्या" असा रफार येतो. त्यासाठी शिफ्टसह जे, मग हलन्त, मग य.

सेव्ह करा, मग बंद करा

लिहिलेलं ठेवायला कंट्रोल-एस. चौकट उघडेल, तिथे दोन गोष्टी बघा: फाईल कुठे चालली आहे आणि तिचं नाव काय. सुरुवातीला सगळं डॉक्युमेंट्स या एकाच फोल्डरमध्ये ठेवा. नाव असं द्या की सहा महिन्यांनी वाचून कळेल. "नवीन१" कळणार नाही. नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तिरकी रेघ चालत नाही, त्यामुळे तारीख लिहिताना आडवी छोटी रेघ वापरा. पुढे लिहिताना अधूनमधून कंट्रोल-एस दाबत राहा. नवं नोटपॅड सेव्ह न केलेलंही सांभाळून ठेवतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. दुसरे सगळे प्रोग्राम तसे नसतात.

फुली दाबल्यावर सेव्ह करायचं का, असं विचारलं तर तीन उत्तरं असतात. "सेव्ह" ठेवतो, "डोन्ट सेव्ह" टाकून देतो, "कॅन्सल" म्हणजे बंदच करू नको, मला परत जाऊ दे. ठरत नसेल तर कॅन्सल.

फाईल डिलीट केली तर ती रिसायकल बिनमध्ये जाते. तिथे उजवं बटण दाबून रिस्टोअर केली की जागेवर परत येते. पेनड्राइव्हवरची फाईल मात्र थेट जाते, तिथे जपून.

बंद करताना सगळ्या विंडो मिटा, स्टार्ट, पॉवर, शट डाउन. स्लीप म्हणजे डुलकी. उघडी कामं तशीच राहतात आणि थोडी वीज लागत राहते. काही अडकलंच असेल आणि माऊसही हलत नसेल, तरच पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. सेव्ह न केलेलं जाईल. स्क्रीनवर अपडेट चालू असल्याचं दिसत असेल तर बटणाला हात लावू नका आणि प्लगही काढू नका. टक्क्यांचा आकडा बराच वेळ एकाच जागी थांबलेला दिसतो, तेव्हाही काम चालू असतं.